आजीच्या कळशीवरचं नाव : तुमच्या नावा-आडनावांच्या आठवणी सांगा

परळची पोर
आमची चाळ पुनर्विकासात जाणार, पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायची आहे. काल माळ्यावरची भांडी खाली काढली. सगळ्यात मागे गोणपाटात गुंडाळलेली पितळेची कळशी होती. चिंच-मीठ लावून घासली तेव्हा गळ्याखाली टिंबाटिंबांची अक्षरं वर आली : "चि. भागीरथी हीस मामाकडून, सन १९५३".

आमच्या घरात भागीरथी कुणीच नाही. आजीचं नाव सुशीला. रेशनकार्डावर, बँकेत, आधारवर, सगळीकडे सुशीला. आईला विचारलं तर म्हणाली, "अगं, ते त्यांचं माहेरचं नाव. लग्नात बदललं."

जिच्या कुशीत वाढले तिचं नाव मला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. आजी आता ८८ची आहे, ऐकू कमी येतं. तिच्याशी हा विषय काढायचा धीर होत नाहीये. रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून इथे लिहितेय. तुमचं नाव कुणी ठेवलं, आडनाव कुठून आलं, कुणाचं काय पुसलं गेलं, आठवेल ते लिहा.

चाफेकळी
अगं, सकाळी सकाळी रडवलंस. माझ्या आईचंही बदललं, कारण सासरी त्याच नावाची मोठी जाऊ होती! ताटात तांदूळ पसरून अंगठीने नवं नाव लिहायचं असतं ना, ती अंगठी आईला सैल होती, म्हणून अक्षर वाकडं आलं आणि सगळे हसले. त्या दिवसातलं तिला एवढंच आठवतं. झाशीची राणीसुद्धा माहेरची मणिकर्णिका तांबे, लक्ष्मीबाई झाली ती लग्नानंतर. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

लालबागचा जुना
आमच्या घरात सख्ख्या भावांची दोन आडनावं आहेत.

आजोबा मालवणकडून बोटीने आले, भाऊच्या धक्क्याला उतरले आणि गिरणीत बदली कामगार म्हणून लागले. मस्टर लिहिणाऱ्याने नाव विचारलं, मग गाव विचारलं. आजोबा म्हणाले पेंडूर. त्याने पेंडुरकर लिहून टाकलं. आजोबांना वाटलं मुंबईत असंच लिहीत असतील. बिल्ला त्याच नावाने, पगार त्याच नावाने, पुढे मुलं शाळेत घातली तीही त्याच नावाने. गावी राहिलेले थोरले भाऊ मात्र सावंतच.

चाळीस-पन्नास वर्षं कुणाचं काही अडलं नाही. अडलं ते वारसनोंदीला. सातबाऱ्यावर सावंत, आमच्या कागदांवर पेंडुरकर. तलाठी म्हणाले, हे दोघे भाऊच कशावरून? त्यांचंही बरोबर होतं म्हणा. वडील रडकुंडीला आले. मग आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्या सापडल्या, दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. पाठवणारा पेंडुरकर, घेणारा सावंत, आणि गावाहून आलेल्या पत्रांत प्रत्येक वेळी "पैसे पोचले, धाकट्या भावास आशीर्वाद". तो गठ्ठा आणि प्रतिज्ञापत्र जोडलं तेव्हा नोंद झाली. नंतर वडिलांनी राजपत्रात "सावंत ऊर्फ पेंडुरकर" छापून घेतलं. चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयातून तो अंक आणला आणि आधी देवापुढे ठेवला, नारळ फोडला. मी तेव्हा नववीत होतो, खोबरं मी वाटलं.

दादरकर काकू
पावत्या जपून ठेवणाऱ्या तुमच्या आजीला माझा नमस्कार सांगा.

फारसी पारसनीस
शाळेत मला सगळे पारशी समजायचे, नवरोजला हात मिळवायचे. पारस म्हणजे फारसी. दरबाराचा फारसी पत्रव्यवहार लिहायचा तो पारसनीस. नीस हे फारसी नवीसचं रूप, म्हणजे लिहिणारा. फडणीस, चिटणीस, सबनीस, कारखानीस ही सगळी आमची भावंडं. नाना फडणवीसांचं मूळ आडनाव भानू, फडणवीस हा हुद्दा. पेशवे तर श्रीवर्धनचे भट. हे सगळं आजोबांनी पाचवीत पाठ करून घेतलं होतं, कुठे सांगायची संधी मिळत नव्हती, आज मिळाली.

कुलकर्णी, डोंबिवली फास्ट
पारसनीस, या बसा. कुलकर्णी वतनं १९५०च्या कायद्याने गेली, तरी सोसायटीच्या गणपतीचा हिशेब दरवर्षी माझ्याच गळ्यात. "कुलकर्णी आहात, लिहा!" लिहितो बापडा, आवडतं मला.

तांबटआळी
@परळची पोर, कळशी मोडीत देऊ नका!! भांड्यावर नाव घालणारे माझे वडील होते. बारीक छिन्नी आणि छोटी हातोडी, एकेक टिंब ठोकत जायचे. आधी खडूने रेघ आखायची, नाहीतर गोल भांड्यावर ओळ वर चढत जाते. अक्षरावर पैसे. गिऱ्हाईक "सप्रेम भेट" गाळायला सांगायचं, पैसे वाचवायला 🙂 तुमच्या कळशीवर "सन" सकट सगळं आहे म्हणजे मामाने हात आखडता घेतलेला नाही.

चाफेकळी
ईई किती छान माहिती! आता कुठे करून मिळतं का हो? भाचीच्या लग्नात तांब्याचा तांब्या द्यायचा आहे.

तांबटआळी
पायधुणीला तांबाकाट्यावर भांड्यांच्या दुकानांत विचारा. आता मशीनने करतात, दोन मिनिटांत होतं. सोबत नाव कागदावर स्वच्छ लिहून न्या, ऱ्हस्व-दीर्घ तपासून. एकदा ठोकलं की खोडता येत नाही.

वसईची वाट
माझं आडनाव डिमेलो. वसई १५३४मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. मधल्या दोनशे वर्षांत बाप्तिस्म्याला जो पाद्री किंवा धर्मपिता उभा राहिला त्याचं आडनाव घराला लागलं. आधीचं काय होतं ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही, कुठल्या कळशीवरही नाही. ट्रेनमध्ये कुणीतरी कौतुकाने म्हणतंच, "अय्या, तुम्ही मराठी किती छान बोलता!" अहो, माझी आई माझ्याशी मराठीतच भांडते. मुलीचं नाव मुद्दाम वैतरणा ठेवलंय, आमच्या नदीचं. चर्चमध्ये फादरनी हसून बाप्तिस्मा दिला.

माझगाव डॉक
वैतरणा! फार सुंदर.
माझी शाळेतली जिवलग मैत्रीण बेने इस्रायल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, आडनाव कोकणातल्या गावावरून, शेवटी -कर. पेणकर, रोहेकर असतात तसंच. त्यांचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १७९६चं, सॅम्युएल इझिकिएल दिवेकरांनी बांधलेलं. दिवेकर बघा, पुन्हा -कर. मशीद बंदर हे नाव त्या सिनेगॉगवरूनच पडलं असं तिचे बाबा सांगायचे. ती आता इस्रायलमध्ये असते. दिवाळीला फोन करते आणि पहिलं वाक्य "चकल्या झाल्या का?"

अंधेरी पूर्व
खोली भाड्याने बघत होतो. फोनवर सगळं ठरलं, डिपॉझिट ठरलं. मग "आडनाव काय तुमचं?" सांगितलं. "कळवतो" म्हणाले. पाच ठिकाणी तेच झालं. सहाव्या ठिकाणी मालकीणबाईंनी आडनाव करारनाम्यासाठीच विचारलं, स्पेलिंग नीट लिहून घेतलं. चार वर्षं तिथेच आहे.

दादरकर काकू
बाळा, वाईट वाटलं रे वाचून. त्या बाईंचं भलं होवो.

साताऱ्याची लेक
माझ्या मावशीचं नाव नकुसा. तिसरी मुलगी म्हणून. शाळेत हजेरीला "उपस्थित" म्हणायची लाज वाटायची तिला, नुसता हात वर करायची. २०११ साली आमच्या साताऱ्यात २८५ मुलींची ही नावं कार्यक्रम करून बदलली, तेव्हा मावशी पन्नाशीची होती. पेपर वाचून म्हणाली, मलापण पाहिजे. आम्ही घरीच बारसं केलं. पाळणा नव्हता, खुर्चीत बसवलं, आईने कानात कुर्रर्र केलं. नाव तिनेच निवडलं : आनंदी. शेजारणींनी घुगऱ्या मागितल्या, दिल्या. कागदावर बदललं नाही, पण आमच्या फोनमध्ये ती आनंदीमावशीच आहे.

कोल्हेकुई
आमचे पणजोबा धोंडू. आधीची चार मुलं गेली, म्हणून याला दगडधोंड्याचं नाव दिलं, म्हणजे दृष्ट लागणार नाही. ९१ वर्षं जगले. साताऱ्याची लेक, तुमच्या मावशींना नमस्कार. दोन्ही नावांत आईबापांनी काहीतरी देवाकडे मागितलं होतं, पण एकात मूल राहावं म्हणून आणि दुसऱ्यात पुन्हा मुलगी नको म्हणून. केवढा फरक.

नवी आई
माझा मुलगा जून २०२४चा. १ मे २०२४पासून जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव लावायचा राज्याचा नियम आहे : आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. दाखला हातात आला तेव्हा सासूबाई चष्मा लावून दोनदा वाचत होत्या. म्हणाल्या, "माझं कुठेच नव्हतं गं." बाळ उठलं, पळते.

गिरगावातला पार्ल्यात
तेंडोलीवरून तेंडुलकर, मंगेशीवरून मंगेशकर. दीनानाथांनी घेतलं ते आडनाव. आणि लताबाईंचं जन्मनाव हेमा!

परळची पोर
सगळ्यांचं वाचलं. तांबटआळी, कळशी कुठेही देत नाही, नव्या घरात दारातच ठेवणार.

आज संध्याकाळी आजी खिडकीशी बसून लसूण सोलत होती. मी कळशी तिच्यापुढे ठेवली आणि कानाशी जाऊन "भागीरथी" म्हटलं. तिने मान वर केली नाही, आधी अक्षरांवरून बोट फिरवलं. एकेक टिंब. मग विचारलं, "मामा आलाय?" मी म्हटलं, नाही गं, मीच आहे. ती म्हणाली, "भागू म्हणायचा तो. पूर्ण नाव फक्त भांड्यावर." आणि उरलेला लसूण माझ्याकडे सरकवला.

चाफेकळी
😭😭
तांबटआळी, तांबाकाटा रविवारी उघडा असतो का? आईचं जुनं नाव घालून घ्यायचंय, तांब्या भाचीला नको, आईलाच देते.