सरकारी पैशावरचा परदेशी रेडिओ: खर्च किती आणि खरंच पोचतो किती जणांपर्यंत?

परभणीकर

मंडळी, जाणकारांनी जरा नीट समजावून सांगा. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पने आदेश काढला आणि दुसऱ्याच दिवशी व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या (अमेरिकी सरकारच्या पैशावर परदेशांसाठी चालणारं प्रसारण) तेराशेहून जास्त लोकांना सक्तीच्या रजेवर पाठवलं, १९४२ पासून चालू असलेलं प्रसारण ठप्प झालं, तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचतोय. एक बाजू म्हणते करदात्याचा पैसा पाण्यात चाललाय, रेडिओ ऐकतं कोण. दुसरी बाजू म्हणते आठवड्याला ३५ कोटींच्या वर लोकांपर्यंत पोचत होतं. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं (बीबीसीचा परदेशी श्रोत्यांसाठीचा विभाग) पण तसंच, ३१-३२ कोटींचा आकडा सगळीकडे दिसतो आणि खर्च वर्षाला साडेतीनशे मिलियन पौंडांच्या आसपास. मी सरळ भागाकार केला तर माणशी वर्षाला जेमतेम एक पौंड येतो, म्हणजे आपले सव्वाशे रुपये धरा.

तर प्रश्न असा की हे कोटी-कोटींचे आकडे मोजतात कसे? शॉर्टवेव्हच्या सेटमधून उलट काहीच जात नाही, कोण ऐकतंय हे लंडनला कसं कळणार? आणि माणशी सव्वाशे रुपये हे स्वस्त म्हणायचं की महाग? आमच्या आजोबांचा संध्याकाळचा बीबीसी हिंदीचा बुलेटिन कधी चुकला नाही, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे उघड आहे, पण मला हिशोब समजून घ्यायचाय.

लहरी_ऐकणारा

चांगला प्रश्न काढलात. मोजतात सर्व्हे करून. एखाद्या देशात काही हजार लोकांना घरी जाऊन किंवा फोनवर विचारतात की गेल्या आठवड्यात तुम्ही अमुक स्टेशन ऐकलं, बघितलं किंवा वाचलं का, आणि त्यावरून पूर्ण देशाचा अंदाज बांधतात. याला साप्ताहिक रीच म्हणतात. आता यात गोम अशी की आठवड्यात एकदा पाच मिनिटं ऐकलेला आणि रोज दोन तास ऐकणारा दोघेही एकच धरले जातात. दुसरं म्हणजे आता त्या आकड्यात शॉर्टवेव्ह एकटी नसते, टीव्ही, वेबसाइट, यूट्यूब, स्थानिक एफएम स्टेशनांनी पुन्हा लावलेले कार्यक्रम हे सगळं त्यात येतं (एकच माणूस दोन ठिकाणी मोजला जाऊ नये म्हणून वजाबाकी करतात, पण तीही अंदाजानेच). त्यामुळे ३२ कोटी ऐकून ३२ कोटी लोक रेडिओला कान लावून बसलेत असं चित्र डोळ्यासमोर आणू नका.

आणि जिथे या रेडिओची सगळ्यात जास्त गरज असते तिथेच सर्व्हे धड होत नाही. इराणमध्ये किंवा उत्तर कोरियात कुणाला फोन करून विचारणार की बाबा तू परदेशी रेडिओ ऐकतोस का? खरं कोण सांगेल?

रेडिंगवाली

मी इंग्लंडमध्ये राहते आणि हे पैसे आमच्याच खिशातून जातात म्हणून लिहितेय. २०१४ पर्यंत वर्ल्ड सर्व्हिसचा खर्च ब्रिटिश परराष्ट्र खातं करायचं. मग एप्रिल २०१४ पासून तो टीव्ही लायसन्स फीवर (टीव्ही बघणाऱ्या घरांनी भरायची फी) टाकला. ही फी एप्रिल २०२५ ला १७४.५० पौंड झाली, घरटी, वर्षाला. २०१५ च्या शेवटी सरकारने परत थोडा हात दिला, २०२० पर्यंतसाठी मिळून २८९ मिलियन पौंड, आणि तेव्हापासून अशी दोन खिशांतून चालणारी व्यवस्था आहे, मोठा वाटा लायसन्स फीचा आणि उरलेला परराष्ट्र खात्याच्या अनुदानाचा.

आपल्या लोकांना एक गोष्ट बहुतेक माहीत नसते. त्या २८९ मिलियनमधून ज्या नव्या भाषा सुरू झाल्या त्यात मराठी होती! २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये गुजराती, पंजाबी, तेलुगूबरोबर बीबीसी मराठी सुरू झालं ते याच पैशावर. दुसऱ्या महायुद्धातही लंडनहून मराठी प्रसारण व्हायचं, पुढे ते बंद पडलं. (आता एप्रिल २०२४ पासून भारतातल्या भाषांचं काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ नावाची भारतीय कंपनी बघते, कारण आपल्याकडे डिजिटल बातम्यांत परदेशी गुंतवणूक २६ टक्क्यांच्या वर चालत नाही.)

इथे माझ्या ओळखीतले बरेच जण विचारतात की आम्ही फी भरायची आणि बातम्या सोमालियात का ऐकवायच्या. प्रश्न अगदीच चुकीचा नाही. ज्याचा फायदा परराष्ट्र धोरणाला होतो त्याचा खर्च परराष्ट्र खात्यानेच करावा असं माझं ठाम मत आहे. आजीबाईंच्या लायसन्स फीतून कशाला?

निवृत्त_ट्रान्समीटरवाला

मी आयुष्यभर ट्रान्समीटरवर काम केलंय, खर्चाची तांत्रिक बाजू सांगतो. शॉर्टवेव्ह वर जाऊन आयनोस्फिअरवर (वातावरणाच्या खूप वरच्या थरावर) आपटून परत खाली येते, म्हणून हजारो किलोमीटर पलीकडे पोचते, मधे कोणाची वायर नको की सॅटेलाइट नको. पण त्यासाठी ताकद लागते. ५०० किलोवॅटचा ट्रान्समीटर (आपल्या बंगळूरला आहेत तसे) एक तास चालवला तर अगदी शंभर टक्के कार्यक्षमता धरली तरी ५०० युनिट गेले, प्रत्यक्षात त्याच्या बरेच वर जातात. आठ रुपये युनिट धरलं तर तासाला कमीत कमी चार हजार रुपये नुसत्या विजेचे. वर दोन टॉवरच्या मधे ताणलेली पडद्यासारखी अँटेना, तिच्या तारा, गंज, पावसाळ्यातली देखभाल, थंड करायची यंत्रणा, तीन पाळ्यांत माणसं. शिवाय वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी, फ्रिक्वेन्सी बदलायच्या कारण उन्हाळ्यात-हिवाळ्यात वरचा थर वेगळा वागतो.

एक लक्षात घ्या, हा खर्च एक माणूस ऐकत असो की एक कोटी, तेवढाच राहतो. वेबसाइटचं उलटं, बघणारे वाढले की बिल वाढतं. म्हणून परभणीकर, तुमच्या भागाकारात शॉर्टवेव्ह आणि इंटरनेट एकाच टोपलीत घातलेत ते मला पटत नाही.

आपलं पण सांगतो. आकाशवाणीची परदेश सेवा १ ऑक्टोबर १९३९ ला सुरू झाली, पहिली भाषा पश्तो, अफगाणिस्तानकडे जर्मन प्रचाराला उत्तर म्हणून. पुढे सत्तावीस-एक भाषांपर्यंत गेली. पणजीचे २५० किलोवॅटचे दोन शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर या कामाला असायचे, गोव्यातल्या कितीतरी लोकांना माहीतही नसेल की आपल्या डोंगरावरून आखाताकडे आणि आफ्रिकेकडे आवाज जातोय. पण आपल्याकडे श्रोत्यांचा सर्व्हे कधी जीव ओतून केला असं मला नोकरीत दिसलं नाही. पत्रं यायची, तीच मोजणी. परदेशी श्रोत्याने किती वाजता, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर, किती स्वच्छ ऐकू आलं ते लिहून पाठवायचं आणि आपण त्याला क्यूएसएल कार्ड, म्हणजे ऐकल्याची पोच देणारं कार्ड, पाठवायचं.

हिशोबी_माणूस

सगळे एका सुरात बोलताय म्हणून दुसरी बाजू मांडतो. क्यूबाचं उदाहरण घ्या. अमेरिकेने १९९० ला क्यूबासाठी टीव्ही मार्ती सुरू केला, क्यूबाने पहिल्यापासून तो जाम केला, म्हणजे त्याच लहरींवर अडथळा सोडून दिसू दिला नाही. मग विमानातून सिग्नल सोडायला लागले, २०१३ मध्ये बजेट कपातीत ते विमान बंद झालं. मधे २००९ ला अमेरिकी सरकारच्याच हिशोब तपासणाऱ्या संस्थेने, जीएओने, सांगितलं की फोन सर्व्हेत दोन टक्क्यांहून कमी लोक म्हणाले की आम्ही गेल्या आठवड्यात रेडिओ किंवा टीव्ही मार्ती लावला. तरी वर्षानुवर्षं पैसा चालूच, कारण फ्लोरिडातले क्यूबन मतदार. हो, क्यूबात माणूस फोनवर घाबरून नाही म्हणेल हे मान्य, पण म्हणून जाम झालेलं चॅनेल कोणी बघतं असं होत नाही ना. सरकारी पैसा घेता तर कोणीतरी कठोरपणे तपासलंच पाहिजे.

लहरी_ऐकणारा

हिशोबी, मार्तीच्या टीव्हीबद्दल शंभर टक्के सहमत, तो बंद करायलाच हवा होता. पण तपासणी करताना काय विचारायचं यावर माझं म्हणणं आहे. माणशी किती पडलं हे विचारून निर्णय घेतले की काय होतं ते बघा.

ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झालं. बीबीसीने हिंदीचा शॉर्टवेव्ह कार्यक्रम अर्ध्या तासाने वाढवला, उर्दूत रोज पंधरा मिनिटांचं नवं बुलेटिन सुरू केलं. आणि त्यानंतर सहा महिने व्हायच्या आत, ३१ जानेवारी २०२० ला, १९४० पासून चालू असलेली हिंदीची शॉर्टवेव्ह सेवा कायमची बंद. कारण काय, तर श्रोते घटले, डिजिटलवर वाढले. भारतात एफएमवर पण जाता येत नाही, खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगीच नाही, फक्त आकाशवाणीच्या जशाच्या तशा लावता येतात. म्हणजे शॉर्टवेव्ह गेली की बीबीसी हिंदीच्या बातम्या रेडिओवरून गेल्याच, ज्याच्याकडे नेट आहे त्याच्यापुरत्या उरल्या.

अरबीचं तर याहून वाईट. जानेवारी २०२३ च्या शेवटी बीबीसी अरबी रेडिओ पैसे वाचवायला बंद केला. एप्रिलमध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि मे महिन्यात सुदानसाठी अरबीत तातडीची रेडिओ सेवा सुरू करायला लागली. नोव्हेंबरमध्ये गाझासाठी मीडियम वेव्हवर दुसरी. आणि लेबनॉनमध्ये बीबीसी अरबीने सोडलेली फ्रिक्वेन्सी कोणी घेतली? रशियाच्या स्पुटनिकने. हे बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक टिम डेव्ही यांनीच २०२४ मध्ये जाहीरपणे सांगितलंय. युक्रेनमध्ये पण मार्च २०२२ ला टीव्ही टॉवरवर हल्ला झाल्यावर दोन शॉर्टवेव्ह फ्रिक्वेन्सीवर दिवसाचे चार तास इंग्रजी बातम्या सुरू केल्या.

म्हणून परभणीकर, स्वस्त की महाग याचं उत्तर मी असं देईन. पुण्यात फायबर कनेक्शन घेऊन मोबाइलवर बीबीसी वाचणारा मी, मी त्या ३२ कोटींत आहे, पण माझ्यावर खर्च झाला नसता तरी मला बातमी दुसरीकडून मिळालीच असती. सुदानमधल्या दारफुरच्या माणसाला ती मिळाली नसती. दोघांना एकेक डोकं म्हणून मोजायचं आणि मग सरासरी काढायची, तर कपात करताना पहिला नंबर कायम दारफुरचाच लागणार, कारण तिथले श्रोते कमी, मोजता न येणारे, आणि ट्रान्समीटरचा खर्च तेवढाच. मला हेच मनापासून चुकीचं वाटतं.

परभणीकर

सगळ्यांचे आभार, भरपूर डोक्यात शिरलं. ट्रान्समीटरवाले काका, एकच शेवटचं, सुदानसाठी असं अचानक सुरू करता येतं तर मग रोज चालवायची काय गरज? लागेल तेव्हा चालू करायचं.

निवृत्त_ट्रान्समीटरवाला

अहो, सुदानला जमलं कारण इतरांसाठी प्रसारण करणाऱ्या साइट चालू स्थितीत होत्या. अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरचं बीबीसीचं केंद्र १९६६ पासून आफ्रिकेकडे प्रसारण करतंय, तिथे माणसं आहेत, डिझेल आहे, अँटेना उभी आहे, फक्त वेळापत्रकात जागा काढायची. कॅनडाने काय केलं बघा, २०१२ मध्ये रेडिओ कॅनडा इंटरनॅशनलची शॉर्टवेव्ह बंद केली आणि २०१४ मध्ये सॅकव्हिल इथले तिचे टॉवर पाडून टाकले. ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ ला रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह बंद केली, पॅसिफिकच्या बेटांवरच्या लोकांनी खूप विनवण्या केल्या, चक्रीवादळाची सूचना आम्हाला त्यावरच मिळते म्हणून, तरी केली, आणि त्यातल्या काही फ्रिक्वेन्सी चीनच्या सरकारी रेडिओने घेतल्या. रिकामी झालेली फ्रिक्वेन्सी कोणी तुमच्यासाठी राखून ठेवत नाही. टॉवर परत उभे करायचे तर जमीन, परवानग्या, यंत्रं सगळं नव्याने आणि वर्षं जातात, शिवाय पाच-पाचशे किलोवॅटची मशीन हाताळलेली माणसं आता निवृत्त होत चाललीत, नवीन पोरं या कामाला कोणी घेत नाही. सुदानसारखं रातोरात उभं करायचं तर रोजची ड्युटी चालू ठेवावीच लागते.