जांभूळ आहेच, पण पाण्याचं काय?

हाडांच्या आरोग्यावर इथे चर्चा चालू आहे. रोज ब्लूबेरी खाल्ली की अँटिऑक्सिडंट (पेशींची झीज रोखणारी द्रव्यं) वाढून हाडं मजबूत होतात, हा त्यातला मुद्दा मला अर्धाच पटतो. हाडांवरचे बरेचसे प्रयोग उंदरांवर झालेत. आणि ब्लूबेरीला रंग देणारी डेल्फिनिडिन, माल्विडिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं आपल्या जांभळातही आहेत. मिरगात झाडाखाली जांभळांचा सडा पडतो, तो सोडून महागडा डबा कशाला आणायचा?

पण हाडांवर एवढी चर्चा झाली आणि पाण्याबद्दल कोणीच बोललं नाही. यवतमाळ, चंद्रपूरकडच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड (खडकांतून पाण्यात उतरणारा एक क्षार) जास्त आहे. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टे येतात, आणि फ्लोराईड फार जास्त असेल तर वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्यांची मान-कंबर आखडते. आमच्याकडे याला लोक सरळ 'वाताचं दुखणं' म्हणून सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. फ्लोराईडमुळे पेशींवर ऑक्सिडेशनचा ताणही वाढतो, म्हणून अँटिऑक्सिडंट असलेली आवळा, जांभूळ, बोरं जरूर खावीत. मात्र जोडीला कॅल्शियम हवंच: ताक, तीळ, शेवग्याचा पाला. पोटात कॅल्शियम असलं की ते फ्लोराईडला बांधतं आणि फ्लोराईड अंगात कमी शोषलं जातं.

पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. आधी बोअरचं पाणी तपासून घ्या. बऱ्याच ग्रामपंचायतींकडे तपासणी किट असतं.