खाली काळी जमीन, अख्ख्या घरात एकच टाइल टाकायची का?

अमळनेरचा_भाऊ:
राम राम मंडळी. अमळनेरला घराचं काम चालू आहे, दोन बेडरूम हॉल किचन, पुढे ओटा, मागे धुण्याची मोरी. प्लास्टर झालं, आता फरशीवर अडलंय. दुकानदार म्हणतो सगळीकडे दोन बाय दोन फुटांची चकचकीत व्हिट्रिफाईड (भट्टीत काचेसारखी घट्ट भाजलेली टाइल) टाका, गुजरातच्या मोरबीचा माल आहे, एकदम घेतला तर स्वस्त पडेल. घरात आई आहे, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. प्लॉट काळ्या जमिनीचा. तुम्ही कुठल्या खोलीत काय टाकलं, आणि काय चुकलं तेही सांगा.

चाळीसगावची_ताई:
दादा, ओट्यावर आणि बाथरूमला चकचकीत अजिबात टाकू नका, हात जोडून सांगते. आम्ही हॉलचीच टाइल ओट्यापर्यंत ओढली होती, दिसायला लई छान, पण पहिल्याच पावसाळ्यात सासूबाई तुळशीला पाणी घालून परत येत होत्या, पाय सरकला आणि मनगट मोडलं, सहा आठवडे हात गळ्यात. मग ओट्याची सगळी फोडून खरबरीत मॅट टाकली, खर्च दोनदा झाला. बाथरूमला अँटीस्किड, म्हणजे पाय न घसरणारी घ्या, आणि एक फुटीच घ्या, सांधे जास्त आले की पाय धरतो. दुकानात टाइलवर पाणी ओतून चप्पल काढून उभं राहून बघा, लाजू नका, आईसाठी करताय. किचनला मी करडी मॅट टाकली, शेवभाजीची तर्री सांडली तरी पुसली की जाते, पण सांध्यात साधं पांढरं सिमेंट भरलं ते वर्षभरात हळदीने पिवळं पडलं. सांध्यात इपॉक्सी (डाग न धरणारा रेझिनचा मसाला) भरून घ्या, महाग आहे, पण किचन बाथरूमपुरतं तरी.

पाचोऱ्याचा_मिस्त्री:
भाऊ टाइल नंतर, आधी खालचं बघा. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मग वर कितीही भारी टाइल असू द्या, कुठे बसते कुठे उचलते. जोत्यात भराई कशाची झाली ते एका कोपऱ्यात खड्डा घेऊन बघा. काळी मातीच निघाली तर काढा आणि मुरूम भरा, थरा-थराने पाणी मारून धुम्मसने चोपून, त्यावर पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे इथेच चुकतात.
दुसरं, व्हिट्रिफाईड पाणी जवळजवळ पितच नाही, वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून नुसत्या सिमेंटवर ती नीट धरत नाही, टाइल चिकटवायचं केमिकल वापरा. दोन टाइलमध्ये 2-3 एमएमचा स्पेसर (फट राखणारा प्लास्टिकचा तुकडा) पाहिजेच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, फट नसेल तर टाइल फुगून तंबूसारखी उभी राहते. काम झालं की नाण्याने ठोकत फिरा, बद्द आवाज आला तिथे पोकळ आहे, मिस्त्रीला तेव्हाच दाखवा. मोरीला फुटामागे पाव इंच उतार, आणि तांब्याभर पाणी ओतून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

यावलचा_केळीवाला:
ओट्याला आणि जिन्याला कोटा फरशी टाका ना भो, पॉलिश न केलेला. आमच्या जुन्या घरात वडिलांनी टाकलेला अजून तसाच आहे, उन्हाळ्यात दुपारी त्यावर झोपलं की पाठ गार होते. केळीचे घड ठेवून चिकाचे डाग पडलेत तेवढे. फक्त ॲसिडने धुऊ नका, कोटा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं, आम्ही एकदा बाथरूमची बाटली वापरली आणि त्या जागी कायमचा पांढरा चट्टा पडला. मार्बलचंही तेच, देवघरात टाकला तर लिंबू सांडू देऊ नका. गच्चीला पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करा, खालची खोली कमी तापते आणि कुरडया पापड वाळवायला जागा स्वच्छ राहते.

अमळनेरचा_भाऊ:
खड्डा घेतला, हातभर खाली काळीच निघाली. ठेकेदाराशी बोललो, मुरूम येतोय उद्या. फरशी आता पंधरा दिवस पुढे गेली. हॉल बेडरूमला व्हिट्रिफाईडच, पण मॅट, ओट्याला कोटा. माल किती जास्तीचा घेऊ?

पाचोऱ्याचा_मिस्त्री:
दहा टक्के. आणि सगळ्या खोक्यांवर शेड नंबर (रंगछटेचा नंबर) एकच आहे ना ते गाडीतून उतरवतानाच बघा. उरलेल्या चार-पाच टाइल माळ्यावर ठेवा, नंतर तोच रंग मिळत नाही.