एकाच नावाचे दोन-दोन तालुके: जोडनाव सक्तीचं करावं का?

रेहेकुरीकर
आपल्या राज्यात कर्जत दोन आहेत, एक रायगडात आणि एक आमच्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात. खेड दोन, पुण्यातलं आणि रत्नागिरीतलं. कळंब धाराशिवलाही आणि यवतमाळलाही. आष्टी बीडला आणि वर्ध्याला, सेलू परभणीला आणि वर्ध्याला, मालेगाव नाशिकला आणि वाशिमला. ही सगळी तालुक्याची गावं झाली, खेडीपाडी धरलीच नाहीत.

मागच्या उन्हाळ्यात बोअरच्या मोटारीचं पॅनेल ऑनलाइन मागवलं. पत्त्यात जिल्हा, पिन सगळं होतं, पण लेबलवर छापून आलं फक्त 'कर्जत, महाराष्ट्र'. डिलिव्हरीवाल्याचा फोन: "दादा, स्टेशनच्या कुठल्या बाजूला येऊ?" आता आमच्या कर्जतला स्टेशनच नाही! पार्सल रायगडातून फिरून येईपर्यंत लिंबोणीच्या बागेला शेजाऱ्याच्या विहिरीवरून पाणी घेतलं.

माझं म्हणणं, शासनाने एकच यादी करावी, एकच जीआर काढावा आणि अशा प्रत्येक गावाला तळेगाव दाभाडेसारखं अधिकृत जोडनाव द्यावं. कागदावर, बसच्या पाटीवर, ॲपमध्ये, सगळीकडे तेच.

जगबुडीकाठचा
जीआर काढा हो, पण जोडनाव कोणी लावायचं ते आधी ठरवा. दोन खेडांपैकी आम्ही लावणार नाही, आत्ताच सांगतो. कोकण रेल्वेच्या पाटीवर नुसतं 'खेड' आहे आणि गणपतीला येणारा चाकरमानी तेवढं वाचून बरोब्बर उतरतो. चुकून राजगुरूनगरला, म्हणजे पुण्यातल्या खेडला, पोचलेला एकही माणूस माझ्या ऐकिवात नाही, आणि रेल्वेने पोचणार तरी कसा, तिथे रेल्वेच नाही. तुमचं पार्सल चुकवलं कंपनीच्या लेबलने. शिक्षा गावाच्या नावाला कशाला?

भीमाथडी
राजगुरूनगरचं नाव निघालंच आहे तर आमची व्यथा ऐका. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू आमच्या गावचे, 1908 चा जन्म. 23 मार्च 1931 ला लाहोरला भगतसिंग, सुखदेव यांच्यासोबत फाशी गेले. त्यांच्या नावावरून गाव राजगुरूनगर झालं, अभिमानच आहे. पण तालुका राहिला खेडच. म्हणजे एसटीने राजगुरूनगरला उतरायचं आणि तहसील कार्यालयाची पाटी वाचायची 'खेड'. विधानसभेला मतदारसंघ 'खेड आळंदी', लोकसभेला 'शिरूर'. (ही लोकसभेची जागा पूर्वी 'खेड' होती, पुनर्रचनेनंतर 2009 पासून शिरूर झाली.) नवा शिपाई, नवा बँक मॅनेजर, प्रत्येकाला हे पहिल्यापासून समजावत बसा.

एका नावाची दोन गावं परवडली, एका गावाची दोन नावं नकोत. जुनं नाव जीआरने जात नाही, नव्याच्या शेजारी ठाण मांडून बसतं. जोडनावाचंही तेच होणार.

पोष्टातला माणूस (निवृत्त)
आयुष्यभर टपाल छाटलं, म्हणून बोलतो. हा प्रश्न 15 ऑगस्ट 1972 ला सुटलेला आहे. पिनकोड त्यासाठीच आला. सारखी नावं, वेगवेगळ्या लिप्या, वेगवेगळी स्पेलिंगं, या गोंधळावर आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांनी काढलेला तोडगा. संस्कृतातले कवी होते, खातं टपालाचं. पहिले तीन आकडे छाटणीच्या जिल्ह्यापर्यंत नेतात, शेवटचे तीन वाटपाच्या पोष्टापर्यंत.

रायगडचं कर्जत 410201, नगरचं 414402. राजगुरूनगर 410505, कोकणातलं खेड 415709. तिसऱ्या आकड्यालाच वाटा फुटतात. 414 चा गठ्ठा रायगडाकडे जाईलच कसा? रेहेकुरीकर, तुमच्या लेबलवर पिन छापला नाही हा गुन्हा. तिथे 'कर्जत अमुकतमुक' लिहूनही त्यांनी शेवटचा शब्द खाल्लाच असता.

रेहेकुरीकर
काका, तुमचा मान राखून सांगतो, पिन पार्सलला चालतो. माणूस माणसाशी बोलताना पिन सांगतो का? पाहुण्याला सोयरिकीला बोलावताना "414402 ला या" म्हणू?

मालेगाव (वाशिम) ४४४
रेहेकुरीकरांना माझा पाठिंबा. टीव्हीवर 'मालेगावात तणाव' अशी पट्टी सरकली की पुण्यात शिकणाऱ्या पोरांचे घरी फोन सुरू. आम्ही इकडे वावरात सोयाबीन सोंगत असतो! नाशिकवाल्यांचं गाव मोठं, महापालिका त्यांची, म्हणून नुसतं नाव त्यांच्या वाट्याला आणि कंस कायम आमच्या. तेव्हा जोडनाव लावायचं तर दोघांनाही लावा. एकालाच लावलं तर दुसरं खरं आणि आपलं डुप्लिकेट, असा अर्थ होतो.

आष्टीचा
वर्ध्याकडची आष्टी. सक्तीला माझा विरोध, जोडनावाला नाही.

16 ऑगस्ट 1942 ला आमच्याकडे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले, गोळीबार झाला, माणसं गेली. त्याच दिवशी तिकडे चिमूर पेटलं. तेव्हापासून लोक 'आष्टी शहीद' म्हणतात. हे नाव कोण्या बाबूने यादी करून दिलेलं नाही. बाकीची जोडनावं बघा: कारंजा लाड वाशिमला, कारंजा घाडगे आमच्या जिल्ह्यात. शिरूर कासार बीडला, शिरूर अनंतपाळ लातूरला आणि पुण्यातल्या शिरूरला अजूनही जुनी माणसं घोडनदीच म्हणतात. तळेगाव दाभाडे, तळेगाव ढमढेरे. अमरावतीला तर चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. कुठे घराणं चिकटलं, कुठे देव, कुठे नदी, कुठे चक्क रेल्वे. लोकांना गरज पडली तिथे लोकांनी लावलं. मंत्रालयातून यादी आली की तिच्यात कोणाकोणाच्या आजोबांची नावं घुसतील ते तुम्हाला मी सांगायला नको.

ळ-प्रेमी
निम्मा गोंधळ गावांचा नाहीच, इंग्रजी अक्षरांचा आहे. अष्टविनायकातला वरदविनायक महडला, खालापूर तालुक्यात. 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह महाडला, मुंबई-गोवा रस्त्यावर. जिल्हा एकच, रायगड. मराठीत एका कान्याचा फरक, इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग अक्षरशः एक. नकाशावर इंग्रजीत टाइप करून निघालेली यात्रेकरूंची गाडी वरदविनायकाऐवजी चवदार तळ्याकडे वळली तर दोष कोणाचा? तीच गत मालेगाव आणि माळेगावची. नांदेडकडच्या खंडोबाच्या यात्रेचं ते माळेगाव. ळ चा एल झाला की संपलं.

ॲपमध्ये देवनागरी आणा, अर्धी यादी आपोआप गळेल.

जगबुडीकाठचा
लाख बोललात. पण कर्जत देवनागरीतही कर्जतच राहतं, तेवढं रेहेकुरीकरांच्या बाजूने मान्य.

दादर ते दादर
एक उदाहरण देतो, पटलं तर घ्या. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट वेगवेगळे मोजले जायचे, त्यामुळे 'फलाट 1' दोन असायचे. बॅगा घेऊन पूल चढायचं आणि कळायचं की आपला एक नंबर पलीकडे आहे. डिसेंबर 2023 मध्ये सलग आकडे दिले. पश्चिमचे 1 ते 7 तसेच राहिले, मध्यचे 8 पासून 14 पर्यंत. दादरचं नाव कोणी बदललं नाही. तसंच इथे करा. नाव राहू द्या, पण सरकारी असो की खासगी, जिथे गावाचं नाव छापलं जाईल तिथे जिल्हा छापणं बंधनकारक करा. भूलेख या सरकारी संकेतस्थळावर सातबारा काढताना आधी जिल्हा निवडावा लागतो, मग तालुका, मग गाव. तिथे कर्जतवरून घोळ व्हायला जागाच नाही.

भीमाथडी
हे पटतंय. शिवाय नाव बदलणं तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही. राज्याचा प्रस्ताव, मग केंद्रीय गृह मंत्रालयाची ना-हरकत. 1953 पासूनची त्यांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात नवीन नाव निवडताना आसपास त्याच नावाचं दुसरं गाव नाही ना हे बघा, असं सांगितलेलं आहे. पण ते नव्या नावाला. शेकडो वर्षांच्या जुन्या नावांचं काय करायचं?

रेहेकुरीकर
जिल्हा छापणं बंधनकारक करा, चालेल, पण तेवढ्यावर मी थांबणार नाही. सहा महिन्यांनी कोणीतरी जागा वाचवायला जिल्हा पुन्हा उडवणार. जोडनाव नावाचाच भाग असतं, ते सहजी उडवता येत नाही. तळेगाव दाभाडेतलं 'दाभाडे' कोणी खाऊन दाखवा.

आष्टीचा
बरं, मग तुमच्यापासूनच सुरुवात करू. तुमच्या कर्जतला काय लावायचं?

रेहेकुरीकर
सिद्धटेक आमच्याच तालुक्यात आहे. 'कर्जत सिद्धटेक' काय वाईट आहे?

मालेगाव (वाशिम) ४४४
आणि सिद्धटेकला यायचं म्हणून लोक तुमच्या कर्जतच्या स्टँडवर उतरले, म्हणजे?