स्वस्त वस्तू लवकर मरते, दोष गिऱ्हाइकाचा?

सोल्डरवाला: 'हिशेबी' यांनी परवा लिहिलं की कंपन्या मुद्दाम काही करत नाहीत, गिऱ्हाईकच स्वस्त मागतं, मग टिकाऊपणा येणार कुठून. वाचून राहवलं नाही. गेल्या आठवड्यात मी वायरलेस इअरबड उघडले. दीड वर्षातच अर्ध्या तासात मान टाकत होते. कवच चिकटवलेलं. गरम हवा देऊन पातं घातलं, तरी तडा गेलाच. आत बटणाएवढा सेल मेलेला, बाकी सगळं ठणठणीत. लिथियम-आयन सेल साधारण 300 ते 500 पूर्ण चार्जिंगनंतर उतरतो, हे बनवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. तरी तो डिंक लावून मोकळा होतो.

हिशेबी: स्क्रू, खाच, रबरी सील घाला, वस्तू जाड होईल आणि महागही. घामापाण्यात टिकायला हवी, हेही गिऱ्हाईकच म्हणतं. शिवाय नवी वस्तू यंत्रावर लाखोंनी निघते, दुरुस्ती मात्र एकेक हाताने. मजुरी नव्याच्या किमतीला भिडणारच. यात कट कसला?

जुनाजाणता: कट नसतो? 1924 चं फीबस कार्टेल, म्हणजे तारेचे दिवे बनवणाऱ्या कंपन्यांचं संगनमत, विसरलात? ऑस्रॅम, फिलिप्स एकत्र बसले, दिव्याचं आयुष्य 1000 तासांवर आणलं.

हिशेबी: आलं फीबस! तार जास्त तापवली की तेवढ्याच विजेत जास्त उजेड मिळतो, पण दिवा लवकर जातो. त्या आकड्यामागे तांत्रिक कारणही होतं.

जुनाजाणता: मग जास्त टिकणारा दिवा बनवणाऱ्या सभासदाला दंड कशासाठी? सांगा ना.

हिशेबी: दंड चूकच होता. झालं समाधान? आता शंभर वर्षांपूर्वीचं सोडा.

रात्रपाळी: आजचंच घ्या. माझ्या एलईडी दिव्याच्या खोक्यावर 25,000 तास लिहिलेले, वर्षभरात लुकलुकायला लागला. उघडला तर एलईडी शाबूत, ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला, कॅपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) फुगलेला.

सोल्डरवाला: बघा! इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर 10 अंश थंड राहिला तरी आयुष्य जवळपास दुप्पट होतं. 85 अंशांपर्यंत उष्णता सोसणाऱ्याच्या जागी 105 अंशांचा घातला तर किमतीत फरक नगण्य.

हिशेबी: एका दिव्यात नगण्य. लाखाने गुणा, मग बोला. जो तो वाचवतो, त्याचाच दिवा फळीवर स्वस्त दिसतो. आतला कॅपॅसिटर बघून कोण दिवा घेतं?

सोल्डरवाला: म्हणूनच नियम सगळ्यांना एकदम हवा. युरोपीय संघात फेब्रुवारी 2027 पासून बहुतेक छोट्या उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आली पाहिजे. मग एकटा कुणी महाग पडणार नाही.

पहिलीपायरी: तुम्ही सगळे चांगली वस्तू परवडणारे बोलताय. माझा अभ्यास सर्वात स्वस्त टॅबलेटवर झाला. दोन वर्षांत गेला, पण परीक्षा होईपर्यंत पुरला. 'टिकाऊच बनवा' म्हणणाऱ्यांचं ऐकलं असतं तर तो माझ्या हाती आलाच नसता. याचं उत्तर द्या.

सोल्डरवाला: याला उत्तर नाही, मानतो. एवढंच सांगा, तो गेला कशाने?

पहिलीपायरी: बॅटरी फुगून पडदा वर आला. धाकट्या भावाला द्यायचा होता.

हिशेबी: बॅटरीपुरता नियम असावा, चला. कॅपॅसिटरचं मात्र मी मानलेलं नाही.