बोटाचं टोक गेलंय, गिटार सोडायची का?

कुपवाडकर: मित्राच्या डाव्या हाताचं मधलं बोट एमआयडीसीत प्रेसमध्ये सापडलं, टोक गेलं. जखम भरलीय पण गिटार कोपऱ्यात ठेवलीय, हातच लावत नाही. असं वाजवणारं कोण आहे का, काय सांगू त्याला?

कृष्णाकाठ: भावा, टोनी आयोमी दाखव की त्याला! ब्लॅक सॅबथ ह्या हेवी मेटल बँडचा गिटारवाला. इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमचा, जन्म १९४८. सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, आणि हा डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. फोरमननं जँगो राइनहार्ट ह्या जॅझ गिटारवाल्याची रेकॉर्ड ऐकवली, त्याची दोन बोटं आगीत निकामी झालेली तरी वाजवायचा. मग ह्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून टोप्या केल्या, वर चामडं लावलं, आणि तेव्हा हलक्या तारा मिळायच्या नाहीत म्हणून बँजोच्या बसवल्या.

रॉकवेडा: १९७१ च्या अल्बमला आयोमीनं गिटार तीन सेमीटोन (अर्धे स्वर) उतरवली, तारा सैल म्हणजे दाबायला सोप्या आणि आवाज अजून जड. नंतरच्या कितीतरी मेटलवाल्यांनी हेच उचललं. २०१२ ला कॅन्सर निघाला तरी गडी थांबला नाही, जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमलाच ब्लॅक सॅबथचा शेवटचा शो केला.

मिरजकर: खरंय, पण आधी डॉक्टरला विचारा. मग ०.००८ इंची, एकदम बारीक तारा लावून अर्धा स्वर उतरवून बघा. टोपीचं मिरजेत सतारमेकर गल्लीत विचारा, तिथल्या कारागिरांचा हात बारीक कामाला बसलेला असतोय.

कुपवाडकर: रविवारी घेऊन जातो त्याला.