वडिलांसाठी ई-रीडर घ्यायचा आहे : मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, पीडीएफ. सल्ला हवा

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. बाबांसाठी ई-रीडर घ्यायचा विचार आहे. ते मिरजेत असतात, मी बंगळुरूला. वय ७२, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. वाचन दांडगं, पण मनगटं दुखतात, त्यामुळे जाडजूड कादंबरी हातात धरून फार वेळ बसवत नाही. टॅब आहे, त्यावर बातम्या बघतात. पुस्तक वाचायला घेतलं की डोळे चुरचुरतात म्हणतात.

वाचतात मराठी कादंबऱ्या, चरित्रं आणि दिवाळी अंक. इंग्रजी जवळजवळ नाहीच. शिवाय माझ्याकडे जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या बऱ्याच पीडीएफ आहेत, त्याही त्यांना वाचता याव्यात असं फार वाटतं. बजेट वीस हजारांपर्यंत. कोणता रीडर घ्यावा? सहा इंची पुरेल की मोठा हवा? मराठी अक्षरं नीट दिसतात ना?

निवांत
ॲमेझॉनचा किंडल पेपरव्हाइट हा ई-रीडर घ्या. माझी आई वापरते, वय तुमच्या बाबांच्या आसपासचंच. २०२१ च्या मॉडेलपासून त्यात उजेड पिवळसर करता येतो, रात्री तो फार सुखाचा वाटतो. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. मांडीवर उशी घेऊन त्यावर टेकवला की मनगटावर भार येत नाही. आई दुपारी अंगणात खुर्ची टाकून भर उन्हात वाचते, आणि उन्हात तर अक्षर आणखी ठळक दिसतं. चार्जिंग आठवड्यांनी लागतं. आमच्याकडे पावसात वीज गेली की रात्र रात्र येत नाही, तेव्हा याचं मोल कळतं.

टंकनकार
निवांत यांचं म्हणणं खरं आहे, पण मी क्रम उलटा करायला सांगेन. मराठी वाचणाऱ्यानं यंत्र आधी ठरवू नये. बाबा पुढच्या वर्षभरात काय काय वाचतील त्याची यादी काढा, त्यातलं कोणतं पुस्तक कुठे मिळतं ते बघा, मग यंत्र आपोआप ठरेल. इंग्रजीत गाजलेलं पुस्तक सगळ्याच दुकानांत असतं, म्हणून कोणताही रीडर चालतो. मराठीत एक पुस्तक इथे, दुसरं तिथे, तिसरं फक्त छापील.

किंडलच्या दुकानात मराठी पुस्तकं २०१६ च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे मिळतात. नव्या कादंबऱ्या आणि अनुवाद बरेच आहेत. बुकगंगावरही मराठी ई-पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण ती त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात, किंडलवर नाहीत. बाबांची यादी मुख्यतः तिथली निघाली तर अँड्रॉइडवर चालणारा ई-इंक (कागदासारखा दिसणारा पडदा असलेला) रीडर लागेल, उदाहरणार्थ ओनिक्स कंपनीचा बूक्स. त्यात प्ले स्टोअर असल्यामुळे दोन्ही ॲप टाकता येतात. मात्र त्यात सेटिंगचा पसारा मोठा, बॅटरी किंडलपेक्षा लवकर उतरते, आणि काही अडलं तर शेजारी बसून दाखवणारं माणूस लागतं. तुम्ही बंगळुरूला, ते मिरजेत. याचा नीट विचार करा.

फुकट आणि कायदेशीर साठाही चांगला आहे. ई साहित्य प्रतिष्ठान आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. मराठी विकिस्रोतावरचं पुस्तक तर थेट ईपब (ई-पुस्तकांचा फाइल-प्रकार) करून उतरवता येतं, आणि रीडरसाठी हाच सर्वांत चांगला प्रकार. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक प्रताधिकारमुक्त होतं, त्यामुळे जुनं दर्जेदार गद्य तिथे हक्कानं वाचता येतं.

कृष्णाकाठ
यादीची कल्पना पटली. बाबांना आजच फोन करून लिहून घेते. पण पीडीएफचं काय? माझ्याकडे खरा खजिना तोच आहे.

टंकनकार
पीडीएफबद्दल सविस्तर लिहितो, कारण रीडर घेतल्यावर सर्वांत जास्त निराशा तिथेच होते.

ईपब म्हणजे वेबपानांसारख्या फाइलींचं एक बोचकं. अक्षर मोठं केलं की ओळी नव्यानं मांडल्या जातात, पान पडद्याला साजेसं होतं. पीडीएफमध्ये पान छापून गोठलेलं असतं. अक्षर मोठं करायचं म्हणजे अख्खं पान मोठं करायचं, आणि मग प्रत्येक ओळीसाठी पान डावीकडून उजवीकडे सरकवत बसायचं.

आकडे बघा. सहा इंची पडदा साधारण ९ बाय १२ सेंटिमीटरचा. ए-४ पानाची रुंदी २१ सेंटिमीटर. ते पान या पडद्यावर बसवलं की १२ पॉइंटचं अक्षर पाच पॉइंटचं होतं. पंचविशीतल्या माणसालाही ते वाचवत नाही. सात इंची रीडर आडवा धरला तर तेच अक्षर आठ पॉइंटचं दिसतं, पण पान दोन-तीन तुकड्यांत वाचावं लागतं. १०.३ इंची पडद्याची रुंदी पावणेसोळा सेंटिमीटर, म्हणजे नेहमीच्या कादंबरीचं पान जवळजवळ मूळ आकारात बसतं. तो मात्र तुमच्या बजेटबाहेर जाईल आणि वजनही दुपटीच्या आसपास. मनगटाचं दुखणं लक्षात घेता मी तो सुचवणार नाही.

कृष्णाकाठ
मग पीडीएफचंच ईपब करून घेतलं तर? कॅलिबर या ई-पुस्तकांचे फाइल-प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एका पुस्तकावर करून बघितलं. उघडल्यावर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि भलतीच चिन्हं आली. फाइल खराब आहे का?

टंकनकार
फाइल खराब नाही. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर चालणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत, रुळण्याआधी, आणि छपाईच्या कामात त्यानंतरही कितीतरी वर्षं, मराठी पुस्तकं श्रीलिपी किंवा आयएसएम या सॉफ्टवेअरच्या, नाहीतर शिवाजीसारख्या फाँटमध्ये जुळवली गेली. त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर देवनागरी आकार बसवलेले असायचे. पीडीएफमध्ये फाँट सोबत असतो म्हणून डोळ्यांना मराठी दिसतं, पण आतला मजकूर इंग्रजी अक्षरांचाच. कॅलिबर तो आतला मजकूर उचलतो. त्या त्या फाँटचा परिवर्तक वापरून युनिकोड करता येतं, पण ऱ्हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं यांत हमखास गडबड राहते. हे काम मी रोज करतो, म्हणून सांगतो: एकदा ओळ न् ओळ तपासल्याशिवाय असा मजकूर कोणाच्या हातात देऊ नका. वाचणाऱ्याचा पुस्तकावरचा विश्वास उडतो.

स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूरच नसतो, फक्त चित्र. तिथे ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणारा प्रोग्रॅम, लागतो. स्वच्छ छपाई असेल तर आता मराठी ओसीआर बऱ्यापैकी चालतो, पण शिळाप्रेसची किंवा पिवळी पडलेली पानं असतील तर पुन्हा तपासणी आलीच.

डेट्रॉइटकर
स्कॅनसाठी एक वेगळा मार्ग आहे. के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम पानाच्या चित्रातले शब्द मधल्या मोकळ्या जागांवरून कापतो आणि लहान पडद्याच्या रुंदीत पुन्हा रचतो. त्याला भाषा कळावी लागत नाही. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एकसंध राहतो, म्हणून मध्येच तुटण्याची शक्यता कमी. हीच सोय केओरीडर या मुक्त वाचन-प्रणालीत आतच दिलेली आहे. ती कोबो, पॉकेटबुक आणि अँड्रॉइडच्या रीडरवर टाकता येते. केओरीडर जोडाक्षरांसाठी हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी प्रणाली वापरतं, त्यामुळे मराठी अगदी नीट दिसतं.

किंडलवर केओरीडर टाकायला आधी त्याचं कुलूप फोडावं लागतं, ते बाबांच्या यंत्रावर नको. तुम्ही संगणकावर फाइल रचून पाठवा. आधी कडेचे समास छाटा. निम्मं काम तिथेच होतं.

सानिका_ऑप्टो
मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणून फक्त डोळ्यांपुरतं लिहिते. ‘निळा प्रकाश डोळे बिघडवतो’ या भीतीपोटी ई-रीडर घेऊ नका. पडद्यातून येणाऱ्या निळ्या प्रकाशानं डोळ्यांना इजा होते याला पुरावा नाही, हे अमेरिकन ॲकॅडमी ऑफ ऑफ्थॅल्मॉलॉजीही स्पष्टपणे सांगते. चुरचुर होते कारण पडद्याकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात आणि डोळा कोरडा पडतो. उतारवयात अश्रू कमी तयार होतात, त्यात भर पडते. आधी तपासणी करून घ्या. साध्या थेंबांनी बराच फरक पडतो, आणि मोतीबिंदूनंतर जवळच्या चष्म्याचा नंबरही पुन्हा बघावा लागतो.

तरीही बाबांसाठी ई-इंक चांगला, असंच मी म्हणेन. टॅबमध्ये उजेड मागून थेट डोळ्यांत येतो. ई-रीडरमध्ये कडेला छोटे दिवे असतात, त्यांचा उजेड पडद्याच्या पृष्ठभागावर पसरतो आणि परावर्तित होऊन आपल्यापर्यंत येतो. खोलीत पुरेसा उजेड असेल तर तो बंदही ठेवता येतो. बाबांना सांगा, डाव्या खांद्यामागून टेबललॅम्प घ्या आणि अक्षर बिनधास्त मोठं करा. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी संकोचानं बारीक अक्षरात वाचत राहतात, हे मी रोज बघते.

वाचनवेडी
मध्येच विचारते, दिवाळी अंकांसाठी रंगीत ई-इंक कसा? मलाही घ्यायचा आहे.

डेट्रॉइटकर
रंगीत पडद्यात, म्हणजे कॅलिडो ३ मध्ये, काळ्यापांढऱ्या थरावर रंगांची जाळी बसवलेली असते. काळं अक्षर ३०० पीपीआयमध्ये (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) दिसतं, रंग १५० मध्ये. जाळीमुळे पांढरा भाग करडा होतो आणि दिवा जवळजवळ कायम लावावा लागतो. मुखपृष्ठं आणि व्यंगचित्रं बघायला छान, पण मासिकासारखे भडक रंग येत नाहीत. कृष्णाकाठ, तुमच्या बाबांसाठी मी काळापांढराच घेईन. त्यांना ठळक अक्षर हवं आहे.

टंकनकार
सहमत. दिवाळी अंक टॅबवरच राहू देत. दोन रकाने, जाहिराती, मोठ्या रंगीत फाइली; यांसाठी ई-रीडर बनलेलाच नाही. अंकातली एखादी दीर्घकथा त्यांना फार आवडली तर छापील अंकच घेऊन द्या, हलका असतो.

आकाराबद्दल विचारलं होतंत. सात इंची घ्या. अक्षर मोठं केलं की सहा इंचीवर ओळीत चारपाचच शब्द मावतात. त्यात मजकूर दोन्ही कडांना ताणून बसवलेला असेल तर शब्दांमध्ये पांढरी भगदाडं पडतात, कारण मराठी शब्द लांब आणि ते तोडण्याची सोय बहुतेक रीडरमध्ये नीट नाही. मांडणीच्या सेटिंगमध्ये जाऊन मजकूर फक्त डावीकडून सरळ करा आणि ओळींमधलं अंतर एक पायरी वाढवा. वरच्या मात्रा नि खालचे उकार एकमेकांत अडकत नाहीत. हे दोन बदल बाबांच्या हातात देण्याआधीच करून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मला मनापासून वाटतं. कित्येक ई-पुस्तकांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. सत्तर वर्षं मराठी वळण वाचलेल्या डोळ्यांना ते सतत खुपतं. तुम्ही स्वतः ईपब करणार असाल तर कॅलिबरमध्ये भाषा मराठी निवडा आणि फाँट पुस्तकातच बसवा. ‘तिरो देवनागरी मराठी’ मोफत आहे आणि त्याचं वळण खास आपलं. अक्षर बारीक वाटलं तर ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ बघा. त्यात सात वजनं, म्हणजे अक्षराच्या जाडीच्या पायऱ्या, आहेत; ई-इंकवर मधलं थोडं जाड वजन चांगलं उठतं. मग रीडरमध्ये ‘प्रकाशकाचा फाँट’ चालू करायचा.

कृष्णाकाठ
बाबांशी बोलले. यादी चाळली, निम्म्याहून जास्त पुस्तकं किंडलवर आहेत. तेव्हा सात इंची पेपरव्हाइट, नक्की. आता शेवटचं: मी इथून फाइली पाठवल्या तर त्यांना काही न करता मिळतील का?

निवांत
मिळतील, मी आईला असंच पाठवतो. यंत्र तुमच्या खात्यावर नोंदवा. मग तुम्ही इथून विकत घेतलेलं पुस्तकही तिकडे उतरतं. प्रत्येक किंडलला स्वतःचा ईमेल पत्ता असतो. तुमचा ईमेल मान्य पाठवणाऱ्यांच्या यादीत घाला आणि फाइल जोडून पाठवा. ईमेलनं ५० एमबीपर्यंत जाते, वेबसाइटवरून २०० एमबीपर्यंत. घरात वायफाय हवं. ईपब २०२२ पासून चालतो. किंडलच्या जुन्या प्रकारच्या मोबी फाइली मात्र आता तिथून स्वीकारत नाहीत, त्यांचं आधी कॅलिबरमध्ये ईपब करा.

डेट्रॉइटकर
यात एक माहिती असू द्या. विकत घेतलेल्या पुस्तकाची फाइल संगणकावर उतरवून यूएसबीनं चढवायची सोय किंडलनं २६ फेब्रुवारी २०२५ पासून बंद केली. म्हणजे ती पुस्तकं खात्याशी बांधलेली. जी पुस्तकं बाबांना पुन्हा पुन्हा वाचायची असतात, मित्रांना द्यायची असतात, ती छापीलच घ्या. आणि विकिस्रोतावरून किंवा स्वतः केलेल्या ईपबची एक प्रत कायम तुमच्या संगणकावर ठेवा.

सानिका_ऑप्टो
कव्हर सोबतच मागवा. पडद्याच्या आत पातळ काच असते; पिशवीत डब्याखाली दाबली गेली तर बाहेरून काही न दिसता आतून तडा जातो. मनगटासाठी मागे पट्टा असलेलं कव्हर मिळतं, त्यात बोटं अडकवली की पकड घट्ट धरावी लागत नाही.

टंकनकार
मागवण्याआधी बाबांच्या टॅबवर किंडलचं ॲप टाका आणि यादीतल्या दोन-तीन पुस्तकांचे नमुने उतरवा, ते फुकट असतात. कोणत्या प्रकाशकाची अक्षरजुळणी चांगली आहे ते तिथेच कळेल. काहींनी ईपब नीट न तपासता चढवलेले आहेत. तशी पुस्तकं यादीतून काढा.